विचर ४ येईपर्यंत: खान्देशातल्या घरात पीसी कसा तयार ठेवावा

‘द विचर ४’ या येऊ घातलेल्या गेमसाठी आज ग्राफिक्स कार्ड घेऊ नका. आज करायची कामं वेगळी आहेत आणि त्यातली निम्मी पीसीच्या डब्याबाहेरची आहेत: भिंतीतलं अर्थिंग, खोलीतली हवा, इंटरनेटचा वेग. जळगाव-भुसावळकडे मे महिन्यात पारा ४५ च्या आसपास खेळतो. एसीत बसून केलेल्या चाचण्यांचे आकडे इथल्या दुपारी जसेच्या तसे मिळत नाहीत.

आधी गेमबद्दल काय ठरलंय आणि काय नुसतं बोललं जातंय, ते वेगळं करू. कारण खरेदी त्यावरच ठरते.

सीडी प्रोजेक्ट रेड या पोलंडच्या स्टुडिओने मार्च २०२२ मध्ये बर्फात पडलेल्या पदकाचं एक चित्र दाखवलं आणि गेम बनवण्याचं स्वतःचं सॉफ्टवेअर रेडइंजिन सोडून युनरियल इंजिन ५ वर जात असल्याचं सांगितलं. ते पदक लिंक्स, म्हणजे एका रानमांजराचं. नाव आणि पहिला ट्रेलर डिसेंबर २०२४ मध्ये गेम अवॉर्ड्सच्या कार्यक्रमात आला. मुख्य पात्र आता आधीच्या भागांचा नायक गेराल्ट नाही, त्याने मुलीसारखी वाढवलेली सिरी आहे. तिने विचरांची, म्हणजे पैसे घेऊन राक्षस मारणाऱ्या शिकाऱ्यांची, जीवघेणी परीक्षा पार केली आहे, ती काढे पिते, मंत्रचिन्हं वापरते आणि हातात साखळीचं शस्त्र आहे. गेराल्ट असेल, पण खेळायला नाही. ही नव्या तीन गेमच्या मालिकेची सुरुवात आहे आणि २०२६ संपण्याआधी गेम येणार नाही, हेही कंपनीनेच सांगितलं आहे.

ट्रेलरमधल्या राक्षसाचं नाव बाऊक. सर्बियाच्या लोककथांतला, अंधारात दबा धरून बसणारा. आपल्याकडचा बागुलबुवाच. आपल्या ‘बाऊ’शी नावाचं साम्य निव्वळ योगायोगाचं दिसतं, पण लक्षात ठेवायला सोपं.

आता महत्त्वाचं. डिसेंबर २०२४ चा ट्रेलर हा आधी रेंडर करून ठेवलेला व्हिडिओ होता. त्यावरून गेम कसा दिसेल, सेकंदाला किती फ्रेम (चित्रं) मिळतील, काहीच ठरत नाही. जून २०२५ चा टेक डेमो मात्र कामाचा आहे. तो साध्या प्लेस्टेशन ५ वर, रे ट्रेसिंगसह (प्रकाशकिरणांची वाट मोजून उजेड-सावली काढण्याचं तंत्र), सेकंदाला ६० फ्रेमने चालवून दाखवला गेला. कोविर हा उत्तरेचा डोंगराळ प्रदेश, केल्पी ही घोडी आणि वाल्ड्रेस्ट गावचा बाजार त्यात होता. तोसुद्धा तंत्रज्ञानाचा नमुना आहे, गेमचा तुकडा नाही, असं कंपनीने तेव्हाच बजावलं होतं. तरीही त्यातल्या तीन गोष्टी तुमच्या पीसीशी थेट बोलतात.

पहिली, बाजारातली गर्दी. त्या दृश्यात हलणारी ३०० पात्रं होती. सारंगखेड्याच्या यात्रेसारखा भरलेला बाजार दाखवायचा तर ओझं ग्राफिक्स कार्डापेक्षा प्रोसेसरवर जास्त येतं. दुसरी, झाडी. नॅनाइट तंत्राने प्रत्येक पान खऱ्या भूमितीचं असतं आणि हा सगळा ऐवज डिस्कवरून सतत ओढला जातो. फिरती हार्ड डिस्क इथे बाद. तिसरी, उजेड. ल्युमेन तंत्र सूर्य हलला की सावली आणि परावर्तित प्रकाश त्या क्षणी मोजतं. हे काम कार्डाच्या रे ट्रेसिंग भागाकडे जातं. ज्या कार्डात तो भाग नाही, उदाहरणार्थ जीटीएक्स १०६० किंवा १६५०, त्यांच्या भरवशावर राहू नका. केल्पीच्या कातडीखाली हलणारे स्नायू बघून सारंगखेड्यातले घोड्याचे पारखी खूश होतील, पण पीसी निवडताना त्याचा विचार नको.

कंपनीने अजून पीसीची गरज जाहीर केलेली नाही. म्हणून अंदाज बांधायचा तर साध्या प्लेस्टेशन ५ वरून बांधावा, कारण तिथे गेम चालवावाच लागणार. त्या कन्सोलची ताकद साधारण आरटीएक्स २०७०-२०८० च्या टप्प्यातली धरली जाते. ८ कोअरचा प्रोसेसर, १६ जीबी सामायिक मेमरी, वेगवान एसएसडी. यावरून १०८० पिक्सेलसाठी ठेवायचा पाया असा: ६ कोअर १२ थ्रेडचा प्रोसेसर, १६ जीबी रॅम (दोन पट्ट्या, एक नाही), ८ जीबी व्हीरॅमचं (कार्डाची स्वतःची मेमरी) रे ट्रेसिंग कार्ड, आणि एनव्हीएमई एसएसडीवर किमान १५० जीबी मोकळी जागा. ८ जीबी व्हीरॅम तेव्हा काठावरच असेल, पण आज जवळ असलेलं ८ जीबीचं कार्ड विकून टाकण्याचं कारण नाही. जळगावच्या गोलाणी मार्केटात कुणी ‘विचर ४ रेडी’ म्हणून असेंबल केलेला पीसी गळ्यात मारू लागलं, तर एवढंच विचारा: रेडी कशावरून?

आज आहे त्याची चाचणी

नवं काही घेण्याआधी जुन्याची उन्हाळ्यात परीक्षा घ्या. थंडीत चांगला चालणारा पीसी इथे काहीच सिद्ध करत नाही. एप्रिल-मेमधला एखादा दिवस, दुपारी दोन ते चारची वेळ निवडा.

१. एमएसआय आफ्टरबर्नर टाका. पडद्यावर कार्डाचं तापमान, क्लॉक (कार्ड चालण्याचा वेग), प्रोसेसरचं तापमान, वापरलेली व्हीरॅम आणि फ्रेमटाइमचा (एकेक फ्रेम काढायला लागलेल्या वेळेचा) आलेख दिसेल असं लावा. एफपीएसचा, म्हणजे सेकंदाला किती फ्रेम याचा, आकडा एकटा फसवतो. झटके कळतात ते फ्रेमटाइमच्या आलेखात, सपाट रेषेतून वर उडालेल्या काट्यांवरून.

२. खोलीत साधा थर्मामीटर ठेवा, पीसीची हवा जिथून आत जाते तिथे. हा आकडा लिहून ठेवा. याच्याशिवाय बाकी आकड्यांना अर्थ नाही.

३. स्टीम या गेमच्या ऑनलाइन दुकानात ‘ब्लॅक मिथ: वुकाँग’चं बेंचमार्क टूल फुकट मिळतं. तोही युनरियल ५ चा गेम. पहिल्यांदा उघडल्यावर शेडर (दृश्य रंगवणारे छोटे प्रोग्रॅम) बनायला वेळ लागतो, मध्येच बंद करू नका. १०८० पिक्सेल, मध्यम सेटिंग, तीन वेळा चालवा. पहिली फेरी सोडून द्या, उरलेल्या दोन धरा.

४. मग ‘विचर ३’. डिसेंबर २०२२ च्या मोठ्या अपडेटनंतर त्यात डायरेक्टएक्स १२ आणि रे ट्रेसिंग आलं. लाँचरमध्ये डायरेक्टएक्स १२ निवडा, नोव्हिग्रॅडच्या हायरार्क चौकात जा आणि अर्धा तास गल्ल्यांतून पळा. माळरानावर चाचणी घेऊन उपयोग नाही; प्रोसेसर दमतो तो शहरात.

निकाल असा वाचायचा. कार्ड ९५-९९ टक्के वापरात आणि फ्रेम कमी, तर कार्ड अपुरं. कार्ड ६० टक्क्यांवर रेंगाळतंय आणि तरी फ्रेम कमी, तर प्रोसेसर किंवा एकाच पट्टीची रॅम अडवतेय. पहिली दहा मिनिटं झकास आणि मग क्लॉक हळूहळू उतरत गेला, तर दोष उष्णतेचा. त्यावर नवं कार्ड हा उपाय नाही, ते आणखी तापेल.

उष्णता

कार्डाचं तापमान म्हणजे खोलीचं तापमान अधिक कार्डाने स्वतः वाढवलेलं. २४ अंशांच्या खोलीत ७२ वर राहणारं कार्ड ४८ अंश चढतं. तेच कार्ड ४० अंशांच्या खोलीत ८८ च्या घरात जाईल. एनव्हिडियाची बरीच कार्डं ८३ अंशांच्या आसपास क्लॉक कमी करू लागतात, म्हणजे पैसे दिलेली ताकद मिळतच नाही. सगळ्यात स्वस्त उपाय सॉफ्टवेअरमध्ये आहे. आफ्टरबर्नरमध्ये पॉवर लिमिट १०० वरून ८० करा. कार्डाने खाल्लेली वीज पाचव्या हिश्शाने घटते, फ्रेम मात्र त्या मानाने फारच कमी जातात. सोबत फ्रेम ६० वर बांधा. मेनूच्या पडद्यावर २०० फ्रेम काढत बसणारं कार्ड उगाच भट्टी पेटवतं.

खोली निवडता येत असेल तर वरच्या पत्र्याच्या खोलीतून पीसी खाली आणा. जुनं धाब्याचं घर असेल तर उत्तमच. मातीचं जाड छत दुपारची झळ संध्याकाळपर्यंत अडवून धरतं. टेबल भिंतीला चिकटवू नका, मागे वीतभर जागा हवी. कॅबिनेट टेबलाच्या बंद कप्प्यात ठेवणं म्हणजे त्याचाच गरम उच्छ्वास त्याला परत पाजणं. पंखे पुढून दोन आत घेणारे, मागून एक बाहेर टाकणारा, १२० मिलिमीटरचे, एवढं पुरतं. आत येणारी हवा जरा जास्त असली की फटींतून धूळ ओढली जात नाही.

कूलरबद्दल नीट समजून घ्या. पाण्याचा कूलर कोरड्या हवेत काम करतो आणि आपला मे महिना कोरडा असतो, त्यामुळे खोली खरोखर उतरते. पण त्याचा झोत पीसीवर सरळ सोडू नका. वाळ्यातून उडणारे बारीक थेंब बोअरच्या जड पाण्याचे क्षार घेऊन येतात. ते मदरबोर्डवर पांढरी पूड होऊन बसतात, आणि पाऊस लागला की हीच पूड ओल धरते. कूलर खोलीच्या एका टोकाला, पीसी दुसऱ्या टोकाला, आणि समोरची खिडकी उघडी. खिडकी बंद ठेवली तर दमटपणा कोंडतो आणि तासाभरात कूलर नुसता पंखा उरतो. पावसाळा सुरू झाला की कूलर बंदच करा.

आणि कापूस. मेच्या वावटळीतली धूळ सगळेच धरून चालतात. कपाशी वेचणीपासून जिनिंग संपेपर्यंत, म्हणजे दिवाळीच्या आगेमागे सुरू होऊन पुढे काही महिने, हवेतले तंतू मात्र लक्षात येत नाहीत. घरात कापूस भरून ठेवला असेल किंवा जिनिंग जवळ असेल, तर पुढच्या जाळीवर पंधरा दिवसांत लोकरीचा थर चढतो. धूळ झटकली की पडते, तंतू गुंततात. जाळी काढून धुवा आणि पूर्ण वाळवून लावा. आतल्या हीटसिंकसाठी (उष्णता बाहेर टाकणारी धातूची पाती) ब्लोअर वापरा, पंख्याचं पातं बोटाने धरून. मोकळं सोडलं तर वाऱ्याने गरगर फिरून बेअरिंग जातं. घरातल्या व्हॅक्युम क्लीनरचं तोंड बोर्डाला लावू नका, स्थिर विजेचा धोका असतो. प्रोसेसर आणि हीटसिंकमधली थर्मल पेस्ट दोन-तीन वर्षांनी बदला, तुरीच्या दाण्याएवढी, जास्त नाही.

लॅपटॉप असेल तर यातलं निम्मं तुमच्या हातात नाही. मागची बाजू दोन इंच उचला, गादीवर ठेवून खेळू नका आणि फ्रेम ४० किंवा ६० वर बांधा.

वीज

खान्देशात पीसी मरतात ते गेममुळे नाही, वीज जाऊन परत येतानाच्या झटक्याने. त्यामुळे यूपीएस हा चैनीचा भाग नाही. फक्त माप बरोबर हवं. दुकानात सर्रास मिळणारा ६०० व्हीएचा यूपीएस प्रत्यक्षात ३६० वॅटच्या आसपास देतो. मोजा: कार्ड २००, प्रोसेसर १००, बाकी बोर्ड-पंखे-डिस्क ६०, मॉनिटर ३०. झाले ३९०. गेम चालू असताना वीज गेली की हा यूपीएस शिट्टी मारतो आणि पीसीसकट झोपतो. लोक म्हणतात यूपीएस खराब निघाला. १००० ते ११०० व्हीएचा घ्या. तोही पाच-सात मिनिटांसाठीच, सेव्ह करून बंद करायला.

घरच्या इन्व्हर्टरवर चालवायचा असेल तर तो प्युअर साइन वेव्ह (भिंतीतल्या विजेसारखी गुळगुळीत लहर देणारा) आहे ना ते बघा. चांगल्या पॉवर सप्लायमध्ये अ‍ॅक्टिव्ह पीएफसी (वीज सुरळीत ओढणारी जोडणी) असतं आणि स्क्वेअर वेव्हवर तो गुणगुणतो, तापतो किंवा सरळ बंद होतो. इन्व्हर्टरच्या मागचं बटण यूपीएस मोडवर हवं, नाहीतर बदलाच्या क्षणी पीसी रीस्टार्ट होतो. पण यूपीएस मोडला विजेचा दाब अरुंद पट्ट्यात लागतो. शेतातले पंप सुरू झाले आणि गावात दाब १७० व्होल्टपर्यंत उतरला, की इन्व्हर्टर वीज असूनही बॅटरीवर जातो आणि दोन तासांनी बॅटरी रिकामी. अशा गावात आधी स्टॅबिलायझर, मग इन्व्हर्टर.

अर्थिंग तपासायला मल्टिमीटर पुरे. एसी ७५० व्होल्टच्या खुणेवर लावून सॉकेटमध्ये तीन मापं घ्या. सवय नसेल तर वायरमनकडून घ्या. फेज-न्यूट्रल २३०, फेज-अर्थ जवळपास तेवढंच आणि न्यूट्रल-अर्थ दोन-तीन व्होल्टच्या आत, तर सगळं ठीक. फेज-अर्थ शंभरावर किंवा शून्यावर आलं तर तिसरी पिन नुसती शोभेची आहे. कॅबिनेटला हात लावताच झिणझिण्या येतात, त्याचं कारण बहुतेक हेच. इथे काळ्या जमिनीची एक गंमत आहे. उन्हाळ्यात तिला भेगा पडतात आणि अर्थिंगची नळी मातीपासून सुटते. हिवाळ्यात बरोबर असलेलं अर्थिंग एप्रिलमध्ये बिघडतं ते यामुळे. खड्ड्यात कोळसा-मिठाचे थर नीट भरलेले हवेत, आणि उन्हाळाभर आठवड्यातून एकदा त्यात दोन बादल्या पाणी ओता.

डाउनलोड

गेम किती जीबीचा असेल ते जाहीर नाही. पण १०० जीबी धरून हिशेब करा. ४० एमबीपीएस म्हणजे सेकंदाला ५ मेगाबाइट, म्हणजे साडेपाच तास. १०० एमबीपीएस असेल तर सव्वादोन तास. रोजच्या दीड जीबीच्या मोबाइल पॅकवर ६७ दिवस, आणि तोवर दुसरा पॅच आलेला असेल. गावात फायबर नसेल तर खरेदी कुठून करता याला महत्त्व येतं. गॉग हे दुकान याच कंपनीने सुरू केलेलं. तिथले गेम डीआरएमशिवाय, म्हणजे कॉपी रोखणाऱ्या कुलुपाशिवाय, असतात आणि ऑफलाइन इन्स्टॉलर साधारण ४ जीबीच्या तुकड्यांत उतरवता येतात. शहादा-यावलमधल्या मित्राच्या फायबरवर उतरवून एसएसडीत भरून आणा, घरी टाका, लॉगिनसुद्धा लागत नाही. मात्र तुकडे सगळे एकाच आवृत्तीचे हवेत. मध्ये पॅच आला आणि अर्धे जुने अर्धे नवे झाले तर इन्स्टॉलर शेवटच्या टप्प्यावर तक्रार करतो. पेनड्राइव्ह एक्सफॅटमध्ये फॉरमॅट करून ठेवा, म्हणजे मोठे तुकडेही बसतात. स्टीमवर घेतलात तर एकाच वायफायवरच्या दुसऱ्या पीसीवरून गेम ओढता येतो, त्यासाठी इंटरनेट खर्ची पडत नाही.

आत्ताच कुणी विचर ४ ची ‘अर्ली की’ (गेम लवकर उघडून देणारा कोड) विकत असेल तर ती फसवणूक आहे.

सिरीपर्यंत पोहोचायचं तर

वाट बघण्याच्या काळात ‘विचर ३’ पुन्हा खेळणार असाल तर शेवट असा काढा की सिरी विचर होईल. चौथ्या भागातल्या सिरीशी तोच जुळतो. शेवट कळू द्यायचा नसेल त्यांनी हा परिच्छेद सोडावा. केअर मोरेन या विचरांच्या गडावरच्या लढाईनंतर सिरी खचलेली असते तेव्हा तिला बर्फाच्या गोळ्यांनी खेळायला काढा, ‘सगळंच जमायला हवं असं नाही’ हे सांत्वन नको. तिला व्हिझिमाला सम्राटाकडे नेऊ नका. ही अट मोडली तर बाकी सगळं बरोबर करूनही ती सम्राज्ञी होऊ शकते. चेटकिणींच्या बैठकीला तिला एकटी जाऊ द्या. अव्हलाखच्या प्रयोगशाळेत ती चिडली तर तोडफोड करू द्या. स्क्यालच्या कबरीवर तिच्यासोबत जा. यातले बहुतेक निर्णय चुकले तर ती परतत नाही, आणि ते कळतं थेट शेवटी. म्हणून केअर मोरेनच्या लढाईआधीचं एक हाताने केलेलं सेव्ह राखून ठेवा.

ते सेव्ह डॉक्युमेंट्समधल्या ‘द विचर ३’ फोल्डरच्या ‘गेमसेव्हज’मध्ये असतं. विंडोज नव्याने टाकण्याआधी पूर्ण फोल्डर पेनड्राइव्हवर उचला. चौथा भाग ते वाचेल असं कुणी सांगितलेलं नाही. पण तिसऱ्या भागाने दुसऱ्याचं सेव्ह वाचलं होतं, आणि फोल्डर छोटा आहे.

गेम आल्यावर पहिल्या दिवशी घेण्याची घाई नको. याच कंपनीचा ‘सायबरपंक २०७७’ डिसेंबर २०२० मध्ये जुन्या कन्सोलवर इतका अडखळला की आठवड्याभरात सोनीने तो आपल्या दुकानातून काढला आणि जून २०२१ मध्येच परत ठेवला. घ्यायचाच असेल तर परतीचे नियम लक्षात असू द्या. स्टीमवर खरेदीपासून १४ दिवस आणि खेळाचे दोन तास, गॉगवर ३० दिवस. शेडर बनण्याचा वेळसुद्धा स्टीमच्या त्या दोन तासांत मोजला जातो. तेव्हा पहिला तास सिरीचे कपडे निवडण्यात घालवू नका; शेडर पूर्ण होऊ द्या, सरळ पहिल्या गर्दीच्या गावात जा, आलेख बघा आणि खोलीतल्या थर्मामीटरकडेही एकदा नजर टाका.